दहा मिनिटांसाठी उमेदवारी

सर्वांत आधी मोहिते बाईंचं नाव लिहितो. श्रीमती सुमन मोहिते आमच्या नगरपालिकेच्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. माझे वडील, अण्णा, त्याच नगरपालिकेत पाणी सोडायचे. पहाटे उठून गल्लोगल्लीच्या व्हॉल्व्हना चावी लावायची आणि ठरल्या वेळी ते बंद करायचे, हे त्यांचं काम. आमच्या घरात चौथीच्या पुढे कुणी शिकलं नव्हतं, आई-अण्णांना तर वाचताही येत नसे. दहावीनंतर मला आयटीआयला घालायचं ठरलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "याला सायन्सला घाला. नाही जमलं, तर पुढच्या वर्षी मीच याला आयटीआयला नेऊन सोडते." त्यानंतर दोन वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी मला आपल्या घरी बसवून शिकवलं. मी इंजिनिअर झालो, पुण्याला नोकरीला लागलो.

बाईंची एक सवय होती. फळ्यावर उदाहरण लिहिलं की आधी कुणालातरी उभं करून ते मोठ्याने दोनदा वाचायला लावायच्या. मग खडू द्यायच्या. माझं उत्तर बरोबर यायचं, पण पुष्कळदा भलत्याच प्रश्नाचं. बाई म्हणायच्या, "सोडवलंस छान. वाचलं नाहीस."

दोन हजार एक साली नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचं ठरलं आणि निवृत्त झालेल्या बाई अपक्ष उभ्या राहिल्या. समोर गावातले दोन मोठे गट, त्यांच्याकडे जीपगाड्या आणि पोरांची फौज. बाईंकडे एक रिक्षा आणि कपबशी हे चिन्ह मिळावं अशी आशा. मी गावी गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मतदानाच्या दिवशी जुन्या मराठी शाळेतल्या केंद्रावर त्यांचा पोलिंग एजंट म्हणून बसशील का? काम अवघड नसतं. उमेदवाराच्या वतीने दिवसभर खुर्चीवर बसायचं, मतदार यादीवर खुणा करायच्या. पण मत गुप्त असतं आणि खुर्ची उघड असते. कोण कुणाच्या खुर्चीवर बसलाय हे येणारा प्रत्येक माणूस बघतो. अण्णांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती.

मी म्हणालो, "बाई, डिपॉझिटसुद्धा जाईल. तुम्ही कशाला उभ्या राहताय?"

"प्रश्न वाचलास का?" बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "कंपनी मला पाच आठवडे दुबईकडे पाठवतेय. बघतो." परत येण्याचा दिवस मतदानाच्या आधीचा होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

बाई निवडून आल्या नाहीत, हे आताच सांगून टाकतो. त्या जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या दिवाळीत त्यांच्या भाचीने एक जुना लिफाफा माझ्या हातात ठेवला. आत मीच लिहिलेलं पत्र होतं. ते वाचलं आणि तो सगळा प्रवास डोळ्यांसमोर आला.

शारजा, पहिला शुक्रवार

आमच्या कंपनीने हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्याला यंत्रं विकली होती. ती बसवून, चालवून, तिथल्या लोकांना शिकवून यायचं, असं माझं काम. राहायची सोय शारजात, त्या कारखान्यातल्या मिलिंद नावाच्या इंजिनिअरकडे केली होती. मिलिंद मूळचा पुण्याचा, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. बायको वैशाली आणि सात वर्षांची ईशा. मी वैशालींना वहिनी म्हणायचो. ईशाला मी मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि मग मला कळलं की नाही हे बघायला थांबायची.

पहिल्यांदा विमानात बसलो, पहिल्यांदा समुद्र ओलांडला, पण त्याबद्दल लिहीत नाही. लिहायचं ते माझ्या फजितीबद्दल. शनिवारपासून कामाला जात होतो. सकाळी साडेसहाला इमारतीखाली कंपनीची गाडी यायची. गुरुवारी सगळे दुपारीच घरी आले, तेव्हा मला वाटलं आज काहीतरी खास असेल. शुक्रवारी नेहमीप्रमाणे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, घरातले झोपलेत म्हणून दार हळूच ओढून घेऊन मी खाली उतरलो.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. किराणा दुकानाचं शटर खाली. समोरच्या मशिदीच्या भिंतीवर कबुतरं. इमारतीच्या पायऱ्यांवर एक माणूस बसला होता. चाळिशी उलटलेला, रापलेला, त्याचाही शर्ट इस्त्रीचा, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. मी घड्याळात बघत येरझाऱ्या घालतोय हे त्याने बराच वेळ बघितलं.

"किधर जाना है, साब?"

"हमरिया. कंपनी का गाडी आएगा."

माझं हिंदी ऐकून तो हसला. "मराठी ना तुमी? सायब, आज शुक्रवार हाय. आज गाडी कशी येल?"

"सुट्टी? मग रविवारी?"

"रविवारी काम. हितं शुक्रवारच आपला रविवार." त्याने फाइल उचलून बाजूला जागा केली. "बसा. मी पन वाटच बघतोय, पन माझी गाडी नाय येनार. मिलिंदसायब उठायची वाट बघतोय."

मीही त्यांच्याकडेच उतरलोय म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. नाव दत्ताराम. गुहागरकडचा. जबल अलीला एका कंपनीत परांची बांधणाऱ्यांचा फोरमन. बारा वर्षं झाली होती. दोन बस बदलून पहाटे निघाला होता. फॅमिलीवाल्यांच्या, म्हणजे बायकामुलांसह राहणाऱ्यांच्या, घरी शुक्रवारी दहाच्या आत बेल वाजवायची नाही, हा त्याचा नियम.

"एवढ्या लांबून कशासाठी आलात?"

"सही पायजे. मंडळाच्या अध्यक्षाला उभा हाय मी."

तिथल्या मराठी माणसांचं एक मंडळ होतं. गणपती, दिवाळी, वर्षातून एकदा नाटक. वर्गणी भरली की कुणीही सभासद. पण नावापुढे साहेब लागणारी मंडळीच कमिटीत असत. मी विचारलं, "निवडून याल?"

"नाय," तो इतक्या सहज म्हणाला की जणू मी वेळ विचारली होती. "मागच्या तीन वर्सांत नाय आलो. आता कुठनं येतो?"

मला बाई आठवल्या. आम्ही दोघं इस्त्रीचे शर्ट घालून दहा वाजेपर्यंत त्या पायरीवर बसून राहिलो. मधेच तो कुठूनतरी दोन कागदी ग्लास घेऊन आला. त्या दाट, दुधाळ, वेलदोड्याच्या चहाची चव अजून जिभेवर आहे. पैसे देऊ लागलो तर म्हणाला, "र्‍हाऊ दे. अर्ध्या दिरमचा चाय. तुमी तेरानं गुनाकार करत बसाल." एका दिरमचे तेव्हा तेरा रुपये होत, आणि मी खरोखरच मनात तेच करत होतो.

वर गेल्यावर मिलिंदने त्याला बसवलं, पाणी दिलं, पण फॉर्म बघून कपाळाला हात लावला.

"दत्ताराम, मागच्या वर्षी अनुमोदक म्हणून मी सही केली, तर कारखानीस साहेब महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. सहा वर्षं अध्यक्ष आहेत ते. आणि आमच्या कंपनीत फायनान्सला कोण बसतं? तेच."

"सायब, सूचक मिळालाय. एकच सही कमी हाय."

"बघू ना. पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला."

दत्ताराम फाइल बंद करून उठला. ह्या 'इन्शाल्ला'चा अर्थ 'नाही' होतो, हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या.

"दत्तारामभाऊ, अनुमोदक बाईमाणूस चालतो का?"

"चालतो की. सभासद पायजे फक्त."

"मग आणा इकडे. वर्गणी तर माझीही भरतात हे. कार्ड कुठल्या ड्रॉवरमध्ये पडलंय ते आज पहिल्यांदा बघते."

"वैशाली, अगं..."

"तुमची सही कुठेय त्यावर? पोहे खा."

ईशा सोफ्यावरून म्हणाली, "आई, इज ही गोइंग टू बी प्रेसिडेंट?"

"नो, बेटा," दत्ताराम तिच्याच भाषेत म्हणाला आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

जबल अली, दुसरा शुक्रवार

त्याने जेवायला बोलावलं होतं. तेव्हा तिथे मेट्रो वगैरे काही नव्हतं. दुबईतून निघालेल्या रस्त्याला काही अंतरानंतर दोन्ही बाजूंनी नुसती वाळू, मधूनच एखादी अर्धवट उभी इमारत, आणि क्रेन. आमच्याकडे माळावर निदान बाभळ असते. इथे नजर अडवायला काही नाही. मग एकदम बंदराचे अवजड कठडे, कंटेनरच्या रंगीत उतरंडी, आणि त्यांच्या मागे कामगारांचा कॅम्प.

एका ओळीत तीस-चाळीस खोल्या. प्रत्येक खोलीत दुमजली खाटा. खाटेला पडदा, पडद्यामागे एका माणसाचं घर: टेपरेकॉर्डर, देवाचा फोटो, मुलांचा फोटो, टेलिफोन कार्डांची जपून ठेवलेली थप्पी. कार्ड संपलं तरी फेकायचं नाही. त्यावर कुणाशी शेवटचं बोललो ते आठवतं, असं एकजण म्हणाला.

दत्तारामच्या खोलीत आठजण. सगळे रत्नागिरी, रायगडचे. स्वयंपाक इब्राहिमकडे. तो दापोलीचा, वेल्डर. त्याने सुरमईचं कालवण केलं होतं, गावाहून आणलेलं कोकम घालून. तांदळाची भाकरी तो इतकी पातळ थापायचा की माझ्या आईनेही मान डोलावली असती. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, मासा वर्षातून एकदा. काटा कसा काढायचा हे न कळून मी ताटात चिवडत बसलो, तर इब्राहिम म्हणाला, "इंजिनिअर ना तुमी? मग काटा सापडत नाय?" आणि माझ्या ताटातला तुकडा त्याने स्वतः साफ करून दिला.

जेवताना सगळे दत्तारामची थट्टा करत होते. "अध्यक्षमहाराज, कालवण वाढा." "अध्यक्षांना भात कमी, मतं कमी पडतात." तो निवांत जेवत होता.

मी शेवटी विचारलंच. "दत्तारामभाऊ, राग मानू नका. हरणार हे माहीत असताना का उभे राहता?"

त्याने हात धुतले, पुसले, आणि खाटेखालून तीच फाइल काढली. आत मंडळाच्या नियमांची झेरॉक्स होती. एका ओळीखाली पेन्सिलची रेघ.

"वाचा," तो म्हणाला.

मी वाचलं. वार्षिक सभेत साध्या सभासदाला बोलायचं असेल तर प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यावा, तो घ्यायचा की नाही हे कमिटी ठरवील. त्याखाली: अध्यक्षपदाच्या प्रत्येक उमेदवारास सभेपुढे दहा मिनिटे बोलण्यास मिळतील.

"दोन वर्सं प्रश्न लिवून दिले. वेळ नाय, वेळ नाय. तिसऱ्या वर्सी ह्या पोरांनी पैज लावली म्हनून फॉर्म भरला. सात मतं पडली. पन दहा मिनिटं कोन खाली बसवू शकला नाय मला. गनपतीची आरती गुरवारी सांजची ठेवता, आमची बस पोचंपर्यंत खलास होते, एवढंच बोललो. पुढच्या वर्सी आरती शुक्रवारी दुपारी. कोनी सांगितलं नाय का बदलली. बदलली."

"घरी माहीत आहे?"

"बायको फोनवर इचारते, पडलात का यंदा पन? म्हनलं पडलो. मग ती इचारते, बोललात ना? बोललो. मग दुसरं इचारते, पाऊसपानी."

यंदा काय बोलणार, ते त्याने नाही, इब्राहिमने सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या खोलीतला एक म्हातारा कामगार साइटवर चक्कर येऊन पडला. कंपनीने हॉस्पिटलात पोचवलं आणि हरवलेल्या कागदासारखा तो तिथे पडून राहिला. त्याला मराठीशिवाय काही येत नव्हतं. घरी कुणाला कळवायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅम्पवाले शुक्रवारी शोधत गेले तेव्हा तो नुसता छताकडे बघत होता. वाचला, गावी गेला. पण त्याच हॉस्पिटलापासून दहा मिनिटांवर मंडळाची पंधरा-वीस घरं होती. कुणाला कळलं असतं, तर कुणी गेलं नसतं असं नाही.

"यादी पायजे," दत्ताराम म्हणाला. "मंडळाकडे फॅमिलीवाल्यांची टेलिफोन यादी हाय. छापलेली. तशी कॅम्पवाल्यांची. नाव, गाव, घरचा नंबर. आनि हरेक कॅम्पला एक घर. काय झालं तर त्या घराला फोन. बस. जास्त काय नाय."

फाइलमध्ये त्याने स्वतःच केलेली यादी होती. त्यांच्या कॅम्पातली एकेचाळीस नावं, वळणदार, सावकाश काढलेल्या अक्षरात.

"मतमोजनीला परत्येक उमेदवाराचा एक मानूस बसतो," तो मला म्हणाला. "दर साली इब्राहिम बसायचा. यंदा त्याची शुक्रवारी डूटी. तुमी बसाल? सभासद पायजे असं काय लिवलेलं नाय, मी बघितलंय."

दोन हजार किलोमीटर लांब येऊनही माझ्यापुढे खुर्चीच आली होती. मी म्हणालो, "बघतो."

बर दुबई, दिवाळीआधीचा शुक्रवार

सभा एका भारतीय हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये होती. आठवड्याभरावर रमझान आला होता, त्यामुळे सगळी घाई त्याच आठवड्यात. मी सकाळी खाडीच्या पलीकडून नावेने आलो. अर्ध्या दिरमची ती लाकडी नाव, तिला तिथे अब्रा म्हणतात. उतरताना एक पाय नावेत आणि एक धक्क्यावर राहून माझा बूट खाडीत भिजला. त्या ओल्या बुटाने मी दिवसभर वावरलो. हॉलच्या फरशीवर माझ्या एका पायाचा ठसा उमटत होता.

पैठण्या, कुर्ते, अत्तरांचे वास, फराळाची ताटं. चकल्या मुंबईच्याच चवीच्या. मागच्या ओळीत कॅम्पवरची पंधरा-सोळा माणसं, सगळ्यांचे केस पाण्याने चापून बसवलेले. मी मिलिंद आणि वहिनींबरोबर पुढे बसलो होतो आणि दत्तारामने मला विचारलेल्या गोष्टीचं उत्तर अजून दिलं नव्हतं.

सभा सुरू व्हायच्या आधी कारखानीस साहेब स्वतः दत्तारामकडे गेले. मी जवळच उभा होतो. गोरे, सडपातळ, अतिशय सभ्य गृहस्थ. गणपतीचं सगळं सामान ते स्वतःच्या गाडीतून आणत, हे मी वहिनींकडून ऐकलं होतं.

"दत्ताराम, तुझा यादीचा मुद्दा कळला मला. चांगला आहे. फॉर्म मागे घे, मी शब्द देतो, कमिटीपुढे ठेवतो. बिनविरोध झालं की बरं दिसतं रे. आपण इथे परक्या मुलुखात. आपल्यात मतदान कशाला?"

मला ते योग्य वाटलं. हवं होतं ते मिळत होतं. मी दत्तारामला बाजूला घेऊन म्हणालो, "घ्या मागे. काम झालं तुमचं."

"सायब, शब्द मिळाला. पन कोनाला? मला एकट्याला. तो उद्या ते विसरले तर मी कोनाला सांगू?" तो हळू बोलत होता. "सगळ्यांसमोर बोललो, तर विसरायला सगळ्यांना विसरावं लागंल. आनि बिनविरोध झालं की भाषन नाय. ती ओळ तुमीच वाचलीत ना?"

वाचली होती. नुसती डोळ्यांनी.

तो कारखानीस साहेबांकडे वळून नम्रपणे म्हणाला, "सायब, तुमीच निवडून या. मला फक्त बोलू द्या."

भाषण त्याला जमलं नाही. आवाज बसला, माइक शिट्टी मारत होता, म्हाताऱ्याची हकिकत सांगताना दिवस आणि महिने उलटेसुलटे झाले. पुढच्या ओळीत कुजबुज सुरू झाली, मुलं पळापळ करू लागली. मग त्याने ते सोडून दिलं आणि फाइल उघडून यादी वाचायला लागला. नाव आणि गाव. नाव आणि गाव. दहा-बारा नावं झाली असतील. मधल्या ओळीतल्या एक वयस्कर बाई शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या मामांचं गाव." कुणीतरी "श्श" केलं. पुढचं गाव आलं तेव्हा एक सुटातले गृहस्थ मागे वळून, ज्याचं नाव वाचलं तो कोण ते शोधू लागले. मागच्या ओळीतला एकजण अर्धवट उठून उभा राहिला, लाजला, बसला. त्यानंतर नाव वाचलं की मागे कुणीतरी उभं राहायचं आणि पुढची माणसं वळून बघायची. जे ड्यूटीवर होते त्यांच्या नावाला कुणीच उठत नव्हतं, तेव्हा दत्ताराम जरा थांबायचा आणि पुढचं वाचायचा. एकेचाळीस नावं आणि दहा मिनिटं बरोबर संपली. यादीला किती वेळ लागतो ते त्याने आधी घड्याळ लावून बघितलं असणार.

मतदान झालं. चिटणीसांनी विचारलं, "दत्ताराम, तुमच्याकडून मोजणीला कोण?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. मला सोडवण्यासाठीच बहुधा दुसरीकडे बघत होता. मी उठलो. ओल्या बुटाचा आवाज करत स्टेजजवळच्या टेबलापर्यंत गेलो आणि त्या खुर्चीवर बसलो. एकशे ऐंशी माणसं माझ्याकडे बघत होती आणि त्यात माझ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाचे फायनान्सवालेही होते. मग मोजायचं काम सुरू झालं आणि मोजणं मला येतं.

दत्तारामला अठ्ठावीस मतं पडली. एक मत बाद. त्या चिठ्ठीवर कुणाच्याही नावापुढे खूण नव्हती. खाली हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'यादी करा.' चिटणीस म्हणाले, "हे बाद धरायचं ना?" नियमाने बादच होतं. मी हो म्हटलं आणि निकालाच्या कागदावर दत्तारामच्या वतीने सही केली. कारखान्यात नकाशे तपासताना हिरवं पेन वापरणारा एकच माणूस मला ठाऊक होता. परतताना मिलिंद गाडी चालवत होता, खिशाला तेच हिरवं पेन. वहिनी पुढच्या सीटवर बसून ईशाला सांगत होत्या, "ट्वेंटी एट. लास्ट इयर नाइन्टीन होते."

निरोप घेताना कारखानीस साहेबांनी दत्तारामकडून ती फाइल मागून घेतली. सगळ्यांच्या देखत.

दुसऱ्या दिवशी शनिवारी पहाटे उठून, कामाची गाडी यायच्या आधी, मी पत्र लिहिलं. तिथे टपालावर कुणी विसंबत नसे. गावी निघालेल्या माणसाच्या बॅगेत वीस-पंचवीस पत्रं ठरलेली. इब्राहिम रमझानसाठी घरी निघाला होता. तो मुंबईत उतरून ते पेटीत टाकणार होता. पुढचे दोन आठवडे माझं काम कसं झालं, रोज्याच्या दिवसांत संध्याकाळी रस्ते कसे एकदम रिकामे होत आणि मग एकदम भरत, त्याबद्दलही लिहिण्यासारखं आहे. पण पत्र मिळाल्यापासून मला तेच पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं, म्हणून ते जसंच्या तसं देतो.

शारजा, शनिवार

तीर्थस्वरूप बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. काम चांगलं चाललंय. हे पत्र जबल अलीचे एक वेल्डर आणत आहेत, त्यामुळे त्याला माशाचा वास लागला तर क्षमा करावी.

बाई, निघताना मी तुम्हाला विचारलं होतं, कशाला उभ्या राहता. तुम्ही मला प्रश्न वाचायला सांगितलंत. मी तेव्हा समजलो होतो की प्रश्न 'निवडून येणार का' हा आहे, आणि त्याचं उत्तर मी काढून मोकळा झालो होतो. इथे एक गृहस्थ भेटले, ते चौथ्यांदा पडले. त्यांचं पडणं मी स्वतः मोजलं. तुम्हाला गावापुढे काय बोलायचं आहे हे मी विचारलंच नव्हतं. तुमच्या ओट्यावर दोन वर्षं बसलो, तरी नाही विचारलं. आल्यावर ते सगळं मला सांगा. मी मधे बोलणार नाही.

मी तुमच्याशी एक खोटं बोललो. माझं परतीचं तिकीट मतदानाच्या पाच दिवस आधीचं आहे. मला अण्णांच्या नोकरीची भीती होती आणि अजून आहे. त्यांना आजच वेगळं पत्र लिहिलंय, पण ते वाचून कोण दाखवणार? जमलं तर संध्याकाळी आमच्या घरी जाऊन तुम्हीच वाचून दाखवा. ते नाही म्हणाले तर मला रागवायचं, त्यांना नाही. पण ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. मला सायन्सला घालताना तरी त्यांना कुठे काय कळत होतं, तुम्ही सांगितलंत एवढंच.

जुन्या मराठी शाळेतल्या केंद्रासाठी पोलिंग एजंटच्या फॉर्मवर माझं नाव घाला. पूर्ण नाव हजेरीपटावर होतं तसंच लिहा. सही मी आल्याबरोबर करीन. खुर्ची दाराकडे तोंड करून मागा, येणाऱ्यांना मी दिसलो पाहिजे.

चहाची काळजी करू नका. आई डबा देईल, तुमचाही.

आपला विद्यार्थी,
दहावी अ, तिसरा बाक